सान बरोन्तोच्या चषकावरचं रक्त

१

शुक्रवारी दुपारी सान बरोन्तोच्या चषकावरून येशू चोरीला गेला, तेव्हा मी चर्चच्या अंगणात उभा राहून मिरीचा गोड पाव खात होतो. पावाचा तुकडा चांगला मोठा होता, म्हणून मेओची आरोळी ऐकून आधी मला ठसका लागला.

मेओ म्हणजे तिथल्या चर्चचा सेवक. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, भांडी पुसून कपाटात ठेवणं, सगळं त्याच्याकडे. तो आतल्या खोलीतून पळत आला आणि दारातच बसकण मारून म्हणाला, "गेला! क्रूसासकट गेला!"

आत जाऊन पाहिलं. चषक टेबलावर जागच्या जागी होता. चांदीचा, वर सोन्याचा मुलामा. त्याच्या बुडाला सहा पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर मीनाकामाचा, म्हणजे रंगीत काच वितळवून भरलेला, एकेक पत्रा. पाच पत्र्यांवरचे पाच संत शाबूत होते. सहाव्या पाकळीवर, मिस्सा, म्हणजे वेदीपुढची प्रार्थना, म्हणताना पाद्रीबाबांच्या बाजूला येतो तो क्रूसावरचा येशू, तिथे नुसता खळगा उरला होता. कुणीतरी चपट्या पटाशीने कड उचकटून पत्रा अलगद काढला होता. काम सफाईचं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

मी रिस्तोरो, सिएनाच्या सोनारसंघाचा पारखी. या शहरात सोन्या-चांदीची कुठलीही वस्तू दुकानाबाहेर पडण्याआधी माझ्या कसोटीच्या दगडावर घासली जाते. तीस वर्षांत माझा निकाल कुणी फिरवलेला नाही. नम्रता वगैरे मला जमत नाही, आणि पारख्याला ती परवडतही नाही.

त्या दिवशी आम्ही तिथे जमलो होतो ते रीतीप्रमाणे. नव्या चषकावर चाळीस दिवस मिस्सा झाली की ज्यांनी तो घडवला त्यांना बोलावून त्यांच्यासाठी एक मिस्सा म्हणतात, मग अंगणात वाइन आणि पाव. चषक आतल्या टेबलावर ठेवलेला असतो, ज्याने त्याने एकट्याने जाऊन आपलं काम बघून यायचं. पाच जण आत जाऊन आले होते. लान्दो, ज्याने मुलामा चढवला आणि पत्रे बसवले. फाझियो, दुसऱ्या मीनाकाम दुकानाचा मालक आणि संघाचा पंच. फादर उगोलिनो. मी स्वतः. आणि सगळ्यात शेवटी नेझे.

नेझे ही उस्ताद नाद्दोची विधवा सून. नाद्दोचे डोळे गेल्याला तीन वर्षं झाली. दुकानावर छाप अजून त्याचीच, हात मात्र नेझेचा. सहाही पत्रे तिने केलेले. ती आत पाव तास एकटी होती आणि तिच्या खांद्याला पिशवी होती.

पिशवी तिथेच टेबलावर उपडी केली. त्यातून पटाशी निघाली. मेओने ती खळग्याच्या कडेला लावून पाहिली. खुणेत चपखल बसली.

"पत्रा कुठे आहे, पोरी?" फादर उगोलिनोंनी विचारलं.

"मी नाही घेतला," नेझे म्हणाली, आणि पुढे एक अक्षर बोलेना.

वेदीवरची वस्तू चोरणाऱ्याचा उजवा हात मनगटातून तोडतात. संघाला आपला निवाडा द्यायला रविवारच्या संध्याकाळपर्यंत मुदत होती. सोमवारी ती शहराच्या न्यायाधीशापुढे उभी राहणार होती. सिएनात तसं मीनाकाम करणारा दुसरा हात मी पाहिलेला नाही. तिला संघाच्या कचेरीत कोंडलं, तेव्हा मी तिच्या मनगटाकडे बघायचं टाळलं.

२

तिथेच, अंगणातच, मी एकेकाला बाजूला घेतलं. लोखंड तापलेलं असताना ठोकावं हे सोनारालाही कळतं. झडती फक्त पिशव्यांची झाली होती. पंचाच्या आणि पाद्रीबाबांच्या अंगाला हात कोण लावणार?

मी सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारला, "काय गेलं?"

"सोन्याचा पत्रा," फाझियो म्हणाला. रुबाबदार माणूस. बोलताना टोपीची कड सारखी सरळ करत होता. "तुला काय मी सांगायचं, रिस्तोरो? रक्त बघितलंस ना? कसं माणकासारखं लाल! असा लाल उगाच खुलतो का? नाद्दोकडे सोनं आलं कुठून, ते मात्र त्यालाच विचार."

मी मान हलवली. ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांदीवर निळा मीना खुलतो, हिरवा खुलतो, जांभळा तर विचारूच नका. पण आरपार दिसणारा लाल मीना चांदीवर घातला की भट्टीतून कावीळ झाल्यासारखा पिवळा होऊन बाहेर येतो. लाल लाल राहायला हवा तर खाली सोनंच लागतं. हे मीनाकाराचं शेंबडं पोरही जाणतं. चषक दुकानातून निघाला तेव्हा मी स्वतः त्या पत्र्यापुढे 'सोनं' असंच लिहिलं होतं.

मेओची तऱ्हा वेगळी. "काय गेलं म्हणजे? देव गेला!" तो म्हणाला. "आणि खरं सांगू का पारखीबुवा, चोरबिर कुणी नाही. तो आपणहून गेला. गेला आठवडाभर लक्षणं दिसत होती मला."

"कसली लक्षणं?"

"ते मी फादरना सांगितल्याशिवाय तुम्हाला सांगणार नाही." आणि तो ओठ घट्ट मिटून बसला. मी म्हटलं, बस बाबा.

फादर उगोलिनो रडवेले झाले होते. त्यांचं चर्च पिंजाऱ्यांच्या गल्लीतलं. चषकासाठी त्या लोकांनी सात वर्षं पदरमोड केली होती. "माझी एकच अट होती," फादर म्हणाले. "रक्त लाल पाहिजे. पहिल्यांदा ती पोर नमुना घेऊन आली तेव्हा रक्त पिवळं होतं. मी म्हटलं, अगं, आमच्या बायका विचारतील, येशूला जखम झालीय की पित्त झालंय? मग तिने लाल करून आणलं. कसं केलं, देव जाणे."

शेवटी लान्दो. हा माझा बालमित्र, तोंडाने फटकळ. "काय गेलं? चांदीचा पत्रा," तो म्हणाला.

"चांदीचा? सोन्याचा म्हण."

"का म्हणू? मी बसवला ना तो. बसवताना माणूस पाठ बघतो की तोंड? सहाच्या सहा पाठी चांदीच्या होत्या."

"फाझियो सोन्याचा म्हणतो."

"फाझियो काय म्हणतो ते मला सांगू नकोस. पोरीचं लग्न मोडलं त्याने माझ्या. वर्ष झालं, त्याच्याशी मी शब्द बोललो नाही आणि मरेपर्यंत बोलणार नाही."

लालखाली चांदी! हे म्हणजे गाढवाने अंडं घातलं म्हणण्यासारखं. मी लान्दोच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. चाळीस वर्षांचा मित्र माझ्याशी खोटं बोलत होता, नाहीतर तीस वर्षांत पहिल्यांदा मी चुकलो होतो. त्या घटकेला मला वाटलं, लान्दोच चोर.

३

शनिवारी सकाळी मी मेओला गाठला. तो पायरीवर उकडलेले चेस्टनट सोलत बसला होता. मीही शेजारी बसून चार सोलले. माणूस खाता खाता बोलतो.

"फादरना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, कुणाजवळ बोलू नकोस, लोक वेडे होतील." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "पण तुम्ही काही लोकांत येत नाही, आणि नेझेपाशी मी आधीच बोलून बसलोय. ऐका. गेल्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर मी कोमट पाण्यात थोडी वाइन घालून चषकाचं बूड पुसलं. क्रूसावरून फडकं फिरवलं आणि फडक्यावर रक्त आलं!"

"वाइनचा डाग असेल."

"आमची वाइन पांढरी आहे." मेओने छाती पुढे काढली. "फडकं जपून ठेवलंय मी. दाखवू?"

फडकं पाहिलं. फिकट लाल, गुलाबीकडे झुकणारा डाग. मी तो नाकाशी नेला, मग काडीवर एक धागा पेटवून पाहिला. मेओ ओरडला, पण मला हवं ते कळलं होतं. जळताना त्याला वास आला, आणि तो वास आमच्या दुकानांत रोज असतो.

मीना म्हणजे काच. तो रक्ताचे अश्रू ढाळत नाही, कोमट पाण्याने तर नाहीच. पाझरते ती लाख. पूर्वेकडून जहाजाने येणारी लाल लाख वितळवून खळग्यात भरली आणि घासून चकचकीत केली, तर लांबून ती थेट लाल मीन्यासारखी दिसते. लांबून म्हणजे किती लांबून? पारख्याच्या नाकापासून हातभर अंतरावरून.

लान्दो खरं बोलत होता. पत्रा चांदीचाच होता. आणि मी, रिस्तोरो, लाल पाहिला आणि दगडावर न घासताच 'सोनं' लिहून मोकळा झालो.

"चमत्कारच ना?" मेओने विचारलं.

"चमत्कारच," मी म्हटलं. "पारखी गाढव निघाला."

४

तसाच उठून कचेरीत गेलो. नेझे खिडकीखाली बाकावर बसली होती. समोर अन्न तसंच पडलं होतं.

"काल तू आत पाव तास काय करत होतीस?"

तिने मान खाली घातली.

"मी सांगू? मेओने चमत्काराची गोष्ट तुझ्यापाशी बोलून टाकली. तू लाख घेऊन आलीस रक्त पुन्हा भरायला. पिशवीत लाख भरलेला शिंपला होता. सगळ्यांनी पटाशी पाहिली, जी प्रत्येक मीनाकाराकडे त्याच मापाची असते; शिंपल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आणि तू आत गेलीस तेव्हा पत्रा आधीच गेलेला होता."

तिने वर पाहिलं. "खळगा बघितला आणि माझे पायच हलेनात, काका. ओरडावं तर सगळे विचारणार, तू पिशवी घेऊन इथे कशाला?"

"मग आता तरी सांग! पत्रा चांदीचा होता हे तुला ठाऊक होतं. रक्त लाखेचं होतं हेही. तुला तो हवा असता तर दुरुस्तीला द्या म्हणाली असतीस, फादरनी हातात आणून दिला असता. उचकटायची काय गरज? एवढं सांगितलंस की सुटलीस."

"आणि मामंजी?" ती म्हणाली. "भट्टीत न भाजलेला रंग मीना म्हणून दिला तर दुकानाची छाप मोडतात, हे मी तुम्हाला सांगायचं का? चषकावर छाप त्यांची आहे. त्यांना यातलं काही माहीत नाही. पन्नास वर्षांची छाप आहे, काका. डोळे गेले, मुलगा गेला, आता तेवढीच उरलीय त्यांच्यापाशी. ती मी मोडू?"

"तुझा हात तोडतील, वेडे!"

"हात माझा आहे. नाव त्यांचं आहे. तुम्ही कुणाला सांगणार नाही, वचन द्या."

वचन मी दिलं नाही. पण अन्नाची थाळी तिच्या पुढ्यात सरकवली. मग कामाला लागलो, कारण आता चोर मला दिसत होता.

सरळ हिशोब होता. एकाच पत्र्यासाठी कुणी एवढी जोखीम का घेईल? तो सोन्याचा वाटला म्हणून. मेओला लाल काय आणि निळा काय, सगळं सारखंच. त्याला चोरायचंच असतं तर अख्खा चषक उचलला असता. फादरचंही तेच. लान्दोने पाठ पाहिली होती. नेझेने पत्रा स्वतः घडवला होता. लाल म्हणजे सोनं, ही चूक अडाणी माणूस करूच शकत नाही. त्याला धंदा पुरता यावा लागतो. आणि पत्र्याची पाठ न बघता नुसत्या रंगावरून निकाल देण्याइतका स्वतःवर विश्वास लागतो. अशी दोनच माणसं त्या अंगणात होती. त्यातला एक मी, आणि मी काही चोरला नव्हता.

पण पंचाच्या दुकानाची झडती घ्यायला पंचायतीचा हुकूम लागतो, आणि नुसत्या हिशोबावर हुकूम मिळत नाही. फाझियोनेच तोंड उघडायला हवं होतं.

५

रविवारी संध्याकाळी संघाची बैठक भरली. मधे मुख्य पंच, त्याच्या उजवीकडे फाझियो. लान्दो, मेओ, फादर बाकावर. नेझे हात बांधलेली, उभी. उस्ताद नाद्दो कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याला मी बोलावलं नव्हतं. तो शेजाऱ्याचा हात धरून आपणहून आला होता.

"निवाड्याच्या आधी एक काम उरकू," मी उठून म्हणालो. "संघाचा नियम आहे. देवाच्या भांड्यावरचं जे हरवतं ते त्या त्या कामाच्या दुकानांनी, त्याच धातूत, भरून द्यायचं. मीनाकामाची दुकानं दोन. एकाचा मालक आंधळा आणि सून कैदेत. म्हणजे राहिलं एक. सोन्याचा पत्रा, तळहाताच्या निम्म्या आकाराचा, चांगला जाड. सोनं फाझियोच्या दुकानातून उद्या सकाळी यावं."

"सगळं मी द्यायचं?" फाझियो म्हणाला.

"वर्षभरात नाद्दोचं दुकान सावरलं तर अर्धं परत मिळेल."

"आणि नाही सावरलं तर?"

"तर देवाच्या कामी आलं म्हणायचं. फादर तुझ्या नावाने एक मिस्सा म्हणतील."

"दोन म्हणेन," फादर भाबडेपणाने म्हणाले.

फाझियोचा चेहरा त्या हरवलेल्या रक्तापेक्षा लाल झाला. दोन दिवस तो माणूस आतल्या आत जळत होता. एवढी जोखीम घेतली आणि हाती काय लागलं? आता वर आणि घरचं सोनं जाणार! "हे बघा," तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "चांदीच्या फुटक्या पत्र्यापायी मी सोनं देणार नाही!"

मी सावकाश खाली बसलो. बोलायची गरजच नव्हती. सगळ्या माना फाझियोकडे वळल्या.

"चांदीचा?" मुख्य पंचांनी विचारलं. "परवा अंगणात तूच सोन्याचा म्हणत होतास. रिस्तोरोने मला सांगितलंय."

"म्हणजे... लोक म्हणतात..."

"कोण लोक?" मी विचारलं. "पाठ पाहिलेली माणसं तीन. नेझे, ती कोंडलेली होती. लान्दो—"

"मी याच्याशी बोलत नाही," लान्दो बाकावरून खणखणीत आवाजात म्हणाला. "सगळ्या सिएनाला माहीत आहे."

"आणि तिसरा, ज्याने पत्रा उचकटून काढला. परवापर्यंत तुझ्या लेखी सोनं होतं, फाझियो. तुझं काय, माझ्याही लेखी होतं. मधल्या दोन दिवसांत तू तो पालथा केलास. दगडावर घासलास आणि पांढरी रेघ उमटली. काय वाटलं असेल रे तुला?"

फाझियोने टोपीची कड सरळ करायला हात वर नेला, पण टोपी त्याने मघाशीच काढून ठेवली होती. तो हात तसाच हवेत राहिला.

मुख्य पंचांनी दोन माणसं त्याच्या दुकानी पाठवली. घटकाभरात ती परत आली. पत्रा भट्टीमागच्या कोनाड्यात सापडला होता, पाठीवर कसोटीची ताजी रेघ होती. नेझेच्या मनगटावरची दोरी लान्दोने सोडली आणि फाझियोच्या हातांना बांधली. मी मिशीवर हात फिरवला. फिरवणारच. सगळं कसं घड्यासारखं गोल जमून आलं होतं.

मग मुख्य पंचांनी पत्रा दिव्याजवळ धरला.

"रिस्तोरो," ते म्हणाले, "हा तर चांदीचाच आहे. मग रक्त लाल कसं?"

६

याच प्रश्नापासून मला पळायचं होतं. मला वाटलं होतं, चोर सापडला की गलबल्यात तो कुणाला सुचणारच नाही. बुद्धीच्या जोरावर सगळं निभावून नेता येतं अशी माझी समजूत होती. नेझेने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको.

"माझी चूक आहे," मी सुरुवात केली. "मी तो पत्रा न घासताच..."

"लाख आहे," कोपऱ्यातून आवाज आला.

उस्ताद नाद्दो काठी टेकत उभा राहिला होता.

"मामंजी!" नेझे ओरडली. "तुम्हाला काही माहीत नाही, तुम्ही बसा!"

"मला माहीत नाही?" म्हातारा म्हणाला. "छाप मारायच्या आधी मी प्रत्येक पत्र्यावरून बोट फिरवतो. डोळे गेलेत, बोटं नाही गेली. मीना गार लागतो. लाख उबदार लागते, नखाखाली दबते. मला त्याच दिवशी कळलं. पोरीने फादरचा शब्द राखायला केलं. म्हटलं, करू दे. छाप मीच मारली. तेव्हा गुन्हा माझा."

"उस्ताद, नियम माहीत आहे ना?" मुख्य पंच हळूच म्हणाले. "छाप मोडावी लागेल."

"मोडा."

त्याने कमरेच्या चंचीतून छापेचा पोलादी ठसा काढला आणि समोर धरला. नेझेने धावत जाऊन त्याचा हात पकडला. ती हुंदके देत होती. "का बोललात? दोरी सुटली होती माझी! रिस्तोरोकाकांनी काहीतरी सांगितलंच असतं!"

"आज रिस्तोरोने सांगितलं असतं. उद्या कुणी दुसऱ्याने पत्रा घासला असता, आणि मग सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं असतं." म्हाताऱ्याने तिचा उजवा हात चाचपडून शोधला आणि दोन्ही हातांत धरला. "छाप गेली तर गेली, बाई. असला हात कुठला सोनार घडवून देईल मला?"

सगळे खाली बघत होते. मेओ तर उघड रडत होता. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

ठसा घासून काढायचं काम नियमाने पारख्याचं. कानस माझ्याच हातात आली. न घासता सोनं लिहिल्याबद्दल पंचांनी मला वर्षभर दगडाला हात लावायला बंदी केली, ती मी मान खाली घालून ऐकली. मग मी ठसा चिमट्यात धरला आणि घासायला लागलो. पोलाद कडक होतं, वेळ लागला. पन्नास वर्षं सिएनाच्या चांदीवर उमटलेली खूण हळूहळू सपाट झाली. काम संपल्यावर नाद्दोने ठसा मागून घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवून खात्री करून घेतली.

"स्वच्छ झालंय," तो म्हणाला. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून वळला. "चल पोरी. दोन दिवस तू जेवली नाहीस. घरी वाल शिजवून ठेवलेत."